काळी एकचा बाजा

कामशेतच्या बाजारात हौशीरामच्या चंचीला फसला नाही असा माणूस विरळाच. हातभर लांब, खणाखणांची, लाल दोरीने गुंडाळलेली ती चंची त्याने मांडीवर घेतली, की शेजारचा माणूस लगेच सरकून बसायचा. "काडा की पाव्हणं, वाईच पान खाऊ." हौशीराम गुंडाळी सोडायचा. आत पान नाही, सुपारी नाही, तंबाखूचा तर वासही नाही. पहिल्या खणात बाजा, दुसऱ्यात बाजा, तिसऱ्यातही बाजाच. मागणाऱ्याचं तोंड उतरायचं आणि हौशीराम खुशीत यायचा.

हा तोंडाने वाजवायचा बाजा. लोणावळ्याला, बंगलेवाल्यांच्या बाजारपेठेत त्याला माउथऑर्गन म्हणत. हौशीराम रेल्वेच्या गँगमध्ये होता. रूळ ठोकून हातांना घट्टे पडलेले. पण बाजा धरला की तेच हात तान्हं लेकरू धरावं तसे हलके व्हायचे. बाजासाठी त्याने तंबाखू सोडली होती. गँगमधल्या माणसाने तंबाखू सोडणं ही काय चीज आहे, ते भर उन्हात रुळावर घण मारलेल्यालाच कळेल. बाकीच्यांनी नुसतं कौतुक करावं.

चंचीतली एकेक वस्तू कुठे ना कुठे फजिती झाल्यावर आत आली होती. एका लग्नात वाजवताना बाजाच्या आतल्या पितळी जिभेत धाग्याचा तुकडा अडकला आणि नेमका तोच सूर मुका झाला. तेव्हापासून दाभणाएवढी एक सुई. पौषातल्या थंडीत बाजा गारठून बसला आणि फुंकर मारून मारून याच्याच छातीत दुखायला लागलं. तेव्हापासून बाजा उबेत गुंडाळायला फलाटणीचा तुकडा. टाळांच्या गजरात बाजा कोणाला ऐकूच येईना, तेव्हा त्याच्या मागे धरायला पत्र्याचा पेला. माणसं कुठे, कधी, कशी जमतील आणि गायला बसतील याचा नेम नाही, आणि हात हलवत बसणं हौशीरामच्या स्वभावात नाही. एका खणात खडीसाखर आणि ज्येष्ठमधाची काडी असायची. ती मात्र त्याच्यासाठी नव्हती. ती दत्तोबासाठी.

दत्तोबा म्हणजे हौशीरामच्या थोरल्या बहिणीचा, धोंडाबाईचा नवरा. सुदुंबऱ्याचा शेतकरी, आणि गाणारा. गाणारा म्हणजे कसा, तर पाटावर बसवून, हार घालून, आता गा म्हटलं तर न गाणारा. बैल धुताना गाईल, गाडीची वाट बघताना फलाटावर गाईल, कामशेतला भाताच्या वखारीत पोत्यांवर बसून गाईल. एकदा सूर धरला की आजूबाजूची माणसं हातातलं काम टाकून यायची, कोणी टाळ काढायचा, कोणी डबा बडवायचा, आणि अर्ध्या घटकेत भजन रंगात आलेलं असायचं. अशा ठिकाणी हौशीराम शेजारी नसला तर दत्तोबाचा गळा अर्धाच उघडायचा. तो म्हणायचा, "हौशा मागं वाजवाय असला की मला पडायची भीती न्हाई."

आता बाजाचं एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं दुःख कळायचं नाही. गाणाऱ्याचा सा पेटीच्या ज्या पट्टीवर बसतो ती त्याची पट्टी. पांढरी चार, काळी एक अशी तिची नावं. पेटीवाल्याचं बरं असतं, सगळ्या पट्ट्या त्याच्यापुढे मांडलेल्या. तोंडाचा बाजा मात्र एकेका पट्टीचाच असतो. गाणाऱ्याने दुसरी पट्टी धरली की बाजावाला गप्प. म्हणूनच चंचीत तीन बाजे. त्यातून यांच्या मंडळीत एक रिवाज पडून गेलेला: गाणाऱ्याला पट्टी विचारायची नाही. त्याला आतून जो सूर आला तो त्याने धरायचा, आणि वाजवणाऱ्याने मुकाट्याने शोधून त्याला जाऊन मिळायचं. थांबवून 'जरा वर घ्या, जरा खाली या' म्हणणं म्हणजे जेवत्या माणसाचा हात धरण्यासारखं.

दत्तोबाची पट्टी पांढरी पाच. खणखणीत, उंच. मन हळवं झालं तर पांढरी चार, त्याच्याखाली कधी नाही. हे दोन बाजे वाजवून वाजवून झिजले होते. तिसरा होता काळी एकचा, खालच्या, खर्जातल्या आवाजाचा. लोणावळ्याच्या एका बंगल्यातला गोव्याचा खानसामा गाव सोडून जाताना तो हौशीरामला देऊन गेला होता. वखारीत पोत्यांवर बसून दत्तोबाने तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा पोट धरधरून हसला. "अरं हा बाजा हाय का रेडा? ठेव चंचीत, ठेव. ज्या दिशी तू माझ्यासाटी ह्यो काडशील ना हौशा, त्या दिशी दत्तोबाचं गाणं संपलं म्हून समज." सगळी मंडळी हसली. हौशीरामही हसला. मग लढाई सुरू झाली, जर्मनीचा माल बंद झाला, लोणावळ्याच्या दुकानदाराने नवा बाजा मिळायचा नाही म्हणून हात झटकले, आणि हा काळी एकचा कोराच्या कोरा खणात पडून राहिला.

लढाई अजून चालूच होती तेव्हा दत्तोबाच्या घशात गाठ आली.

आधी सगळ्यांनी थंडी म्हटलं. मग उष्णता म्हटलं. काढे झाले, लेप झाले, अंगारे झाले. शेवटी पुण्याला नेलं, तेव्हा डॉक्टरने घशात उजेड टाकून पाहिलं आणि दत्तोबाला बाहेर बसवून धोंडाबाईला आत बोलावलं. बायकोला आत बोलावलं म्हणजे काय ते दत्तोबाला कळलं असणार. दिवाळीत हौशीराम भेटायला गेला तेव्हा दत्तोबाचा आवाज त्याला ओळखूच येईना. विहिरीच्या तळातून कोणी बोलावं तसा जाड, खाली बसलेला. चार शब्द बोलून दत्तोबा दमायचा. गाण्याचा विषय दोघांनीही काढला नाही. घरी येताना हौशीराम तळेगावच्या फलाटावर एका बाकावर बसून पोटभर रडला, आणि शालूबाईला, म्हणजे बायकोला, डोळ्यांत कोळसा गेला म्हणून सांगितलं.

पौष निम्मा झाला होता. धोंडाबाईने कामशेतला येणाऱ्या एका माणसाबरोबर निरोप धाडला: 'ह्यांनी गायचं मनात घेतलंय. हौशाला बोलवा म्हनत्यात. रविवारी ये. पुन्यांदा हुईल न हुईल.'

रविवारी सकाळी हौशीराम चंची भरायला बसला. सुई, फलाटीण, पेला. बाजारातून मुद्दाम आणलेली ताजी खडीसाखर. पांढरी पाचचा बाजा त्याने धोतराच्या सोग्याने पुसपुसून घातला, पांढरी चारचा घातला. काळी एकचा हातात घेतला आणि तसाच बसून राहिला.

त्याला कळत होतं. कान होते ना त्याला. दिवाळीतला तो आवाज चढून चढून कुठपर्यंत चढणार, हे बाजा वाजवणाऱ्या माणसाला कोणी सांगायला नको होतं. पण चंची उघडायची दत्तोबासमोर. त्याला तर खण न् खण पाठ. हौशीरामचा हात खालच्या खणाकडे गेलेला त्याला दिसणार, आणि पोत्यांवर बसून स्वतःच हसत हसत बोललेलं त्याला आठवणार. मरायला टेकलेल्या माणसाला, तुझं गाणं संपलं, असं आपण आपल्या हाताने काढून दाखवायचं? आणि गाताना माणसाचा आवाज वेगळाच होतो की. एकदा बसले की चढतील दाजी. पांढरी चारपर्यंत तरी चढतील. असं त्याने स्वतःला पटवलं. माणसाला जे हवं असतं ते त्याला लवकर पटतं.

त्याने तो बाजा उठून फडताळात ठेवला.

शालूबाई चुलीपुढून बघत होती. "अवं, त्यो का काडला? ऱ्हाऊ द्या की. काय जड व्हतंय?"

"तुला काय कळतंय त्यातलं?" हौशीराम तिच्यावर उगीचच खेकसला. शालूबाईने भाकरी उलटली.

तळेगावला गाडीतून उतरून तो इंदुरीच्या वाटेने चालत निघाला. इंद्रायणीच्या पाण्यात पाय धुतले, तोंड धुतलं, खळखळून चुळा भरल्या, म्हणजे वाजवताना तोंड स्वच्छ. वाटेत हरभरा घाट्याला आला होता. दुसरी कोणती वेळ असती तर त्याने दोन ढाळे उपटून खाल्ले असते.

सुदुंबऱ्यात पोचला तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. दत्तोबाने घोंगडी खळ्यात टाकायला लावली होती, कडब्याच्या गंजीला पाठ लावून तो बसला होता. गळ्याभोवती धोंडाबाईचं जुनं लुगडं गुंडाळलेलं. अंगावर मांस म्हणून राहिलं नव्हतं. पण हौशीरामला पाहताच त्याचे डोळे असे चमकले, की हौशीरामला वाटलं, उगाच घाबरलो आपण. शेजारचा महिपतीआबा पखवाज घेऊन आला होता. भजनातले आणखी दोघेतिघे टाळ गळ्यात अडकवून कडेला बसले होते, आणि मयताच्या घरी बसावं तसे गप्प होते.

"आलास?" दत्तोबा म्हणाला. तेवढा एक शब्दसुद्धा त्याला ओढून आणावा लागला. "चंची आनलीस?"

"आनली की दाजी. चंचीबिगर कुटं जातोय मी?"

दत्तोबा टाळवाल्यांकडे बघून हसला. "ह्याच्या चंचीत नसल असं काय न्हाई."

हौशीरामने गुंडाळी सोडली, चंची उलगडून ठेवली. खडीसाखरेचा खडा दत्तोबाच्या हातावर ठेवला. दत्तोबाची नजर खणांवरून फिरली. रिकाम्या खणाशी ती थांबली का, ते हौशीरामला सांगता आलं नसतं. त्याने वर पाहिलंच नाही. पांढरी पाचचा बाजा हातात घेऊन तो तयार राहिला.

दत्तोबाने डोळे मिटले. मग त्याने सूर धरला.

तो सूर खाली होता. पार खाली. पण होता सूरच, याबद्दल शंका नको. जाडसर, खरखरीत, कडेला फाटलेला. आणि तरी जागच्या जागी उभा. टाळवाल्यांनी चमकून एकमेकांकडे पाहिलं. महिपतीआबाने हलक्या हाताने, बोटांच्या टोकांनी ठेका धरला. दत्तोबाने अभंग सुरू केला, आणि पांढरी पाचला ज्या ओळी तो आभाळाला भिडवायचा त्याच ओळी आता कानाशी बसून सांगितल्यासारख्या येऊ लागल्या. असा तो कधीच गायला नव्हता.

त्याने बाजा ओठांना लावला, हळूच श्वास घेऊन पाहिला. नाही. दुसरा घेतला, त्यात चाचपलं. नाही. दत्तोबाचा सा त्या दोन्ही बाजांत नव्हताच. दोन्हींच्या सुरांमधल्या फटीत, खाली काळी एकला बरोब्बर, दत्तोबा उभा होता, आणि काळी एक कामशेतला फडताळात होती.

थोडं वर घ्या म्हणावं का? एवढंच वर. एवढ्याशाने बाजा कसातरी जुळवून घेता आला असता. पण ज्या माणसाने जन्मात कोणाला पट्टी विचारू दिली नाही, त्याला आता विचारायची? आणि आहे तो सूर हा माणूस कशाच्या जोरावर धरून आहे ते दिसत होतं. मानेच्या शिरा फुगल्या होत्या, हात घोंगडीत रुतला होता. गाडी निघून जावी आणि आपण फलाटावर राहावं तसा तो बसून राहिला. मग काहीतरी करायचं म्हणून त्याने सुई काढली, बाजा उलटा धरला आणि आत काहीतरी अडकल्यासारखं खुपसायला लागला. अडकलेलं काहीच नव्हतं.

गाता गाता दत्तोबाने एकदा डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. वाट पाहिली. एक ओळ पुन्हा घेतली. पूर्वी हौशीरामला सूर सापडायला वेळ लागला की घ्यायचा तशीच. मग आणखी एकदा घेतली. हौशीरामने सुईवरून मान वर केली नाही. दत्तोबाने डोळे मिटले आणि अभंग एकट्यानेच पुरा केला.

महिपतीआबा पागोट्याच्या शेवाने डोळे पुसत म्हणाला, "दत्तोबा, लय ग्वाड झालं बग."

दत्तोबाने मान हलवली. तो हौशीरामकडे बघत होता.

"जीभ अडाकली बाजाची, दाजी," हौशीराम म्हणाला.

"व्हय? दोन्ही बाजांची?"

हौशीरामने मान खाली घातली. हाताच्या खुणेने त्याने पाणी मागितलं आणि मला आत न्या म्हणाला. लोकांना वाटलं होतं आणखी एखादा होईल, झाला नाही. जेवताना धोंडाबाईने हौशीरामला आग्रह करकरून वाढलं, आणि तो पुढ्यातली भाकरी नुसती कुस्करत बसला.

परत येताना सबंध वाटभर त्याने ठरवलं, की पुढच्या रविवारी काळी एकचा घेऊन जायचं, दाजींचे पाय धरायचे आणि खरं काय ते सांगायचं. हसतील तर हसू देत. तो सोमवारीच निघाला असता, पण घाटात रुळांचं काम निघालं होतं, मुकादम रजा द्यायला तयार नव्हता, आणि मेहुणा आजारी आहे म्हटल्यावर, "आजारीच हाय ना?" एवढंच म्हणाला.

पुढचा रविवार दत्तोबाने पाहिला नाही. शुक्रवारी हौशीराम रुळावर असताना माणूस सांगायला आला. तो पोचेपर्यंत नदीवर सगळं उरकलं होतं.

दहाव्याला पिंड ठेवले तर कावळा शिवेना. माणसं ताटकळली. काही राहिलंय का मनात, म्हणून एकेकजण पुढे होऊन हात जोडून बोलायला लागला: पोरीचं लग्न करतो, बैलांना अंतर देत नाही, धोंडाबाईला सांभाळतो. कावळे झाडावर बसून होते. हौशीराम मागे उभा होता. पुढे होऊन बोलावं असं त्याला फार वाटत होतं. पण एवढ्या माणसांत बाजाबद्दल काय बोलणार? कोणीतरी दर्भाचा कावळा केला, शिववला, आणि माणसं घरी जायला निघाली.

दुपारी घर थोडं रिकामं झालं तेव्हा धोंडाबाई ओट्यावर त्याच्याजवळ येऊन बसली. कपाळ पांढरं, हात मोकळे. हौशीरामला तिच्याकडे बघवेना.

"अक्का, त्यानंतर दाजी गायलं का गं?"

"न्हाई," ती म्हणाली. "म्यां लय म्हनलं. त्या दिशी खळ्यात गायलात ते सगळ्या आळीनं ऐकलं, बाया रडत हुत्या, म्हनलं आजून वाईच गावा. तुमाला बी बरं वाटंल. तर न्हाई." तिने पदराने तोंड पुसलं. "बोलनंच सोडलं रं. भितीकडं तोंड करून पडायचं. बेस्तरवारी मला जवळ बलवलं आन् म्हनलं, हौशाच्या चंचीत समद्यांचा सूर असतोय. माझाच न्हाई गावला त्याला. म्हंजी त्यो सूर नव्हताच, धोंडे. मला उगं वाटलं व्हता म्हून."



"व्हता, अक्का."

"काय व्हता?"

"सूर व्हता दाजींचा. एकदम बरुबर व्हता. त्या पट्टीचा बाजा माझ्यापाशी व्हता. म्यांच घरी ठिवला."

धोंडाबाई त्याच्याकडे बघतच राहिली. ती रागावली असती, तिने दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर त्याला सोसलं असतं. थोरली बहीण होती, लहानपणी दिल्याही होत्या.

"मग त्यांना सांगायचं न्हाई का रं?" ती एवढंच म्हणाली. "तवा त्यांना ऐकू येत व्हतं."